काळा म्हणजे कसा?

मोटारीच्या दारावर मधल्या उंचीवर जी काळी प्लॅस्टिकची पट्टी असते, तिला मराठीत काय म्हणतात, हा प्रश्न मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. गॅरेजमध्ये तिला ‘बीडिंग’ म्हणतात. समोरच्या काचेखाली, वायपर जिथून बाहेर येतात, त्या जाळीदार भागाला ‘काउल’ म्हणतात. बंपरची न रंगवलेली कड, आरशाची बैठक आणि हे सर्व मिळून जे काही होते, त्याला आपल्या भाषेत एकत्रित नाव नाही. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या व्यक्तीला एखाद्या वस्तूचे नाव ठाऊक नसावे, यात नवल नाही. रोज जिच्यासमोरून जावे ती वस्तू कधी दिसलीच नसावी, याचे मात्र मागाहून नवल वाटले.

आमची गाडी २००७ च्या गुढीपाडव्याला घरी आली. त्याच्या आदल्या वर्षी बाबा भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. प्लॅस्टिकच्या वस्तू ज्या पोलादी साच्यांतून निघतात, ते साचे घडवण्याचे काम त्यांनी तिथल्या टूलरूममध्ये आयुष्यभर केले. कोथरूडला पौड रस्त्यालगतच्या आमच्या जुन्या इमारतीत आडोशाच्या जागा सहाच आणि आमची गाडी सातवी. त्यामुळे ती पंधरा वर्षे उघड्यावर, पश्चिमेच्या उन्हात उभी राहिली. आमच्या डोक्यावरच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही संस्था आहे. तिथे देशभरातील वाहनांची कसोटी घेतली जाते. खाली, आमच्या अंगणात, ऊन स्वतःच्या पद्धतीने तेच काम करीत होते.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासणीसाठी न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि मग पुढील पाच वर्षांची मुदत मिळते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजार होणार होते. आमची मुदत त्याच मार्चमध्ये संपत होती. जानेवारीत एका सकाळी कागदपत्रे हातात घेऊन मी गाडीभोवती फिरले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिले. पत्र्याचा रुपेरी रंग जवळजवळ जसाच्या तसा होता. काळे म्हणून जे जे होते ते मात्र भुरकट झाले होते. फळ्यावरचा खडू कोरड्या फडक्याने पुसल्यावर उरतो तसा पांढुरका थर सर्वत्र होता. ओले बोट फिरवले की तेवढा भाग काळा होई आणि वाळताच पुन्हा पांढरा पडे.

“बीडिंग पांढरी पडलीय, बाबा,” मी वर येऊन म्हटले.

“पडणारच. पंधरा वर्षं ऊन खातेय ती.”

बाबांना काचबिंदू आहे. त्या वर्षी उजव्या डोळ्याने काहीच दिसत नव्हते आणि डाव्याने उजेड कुठून येतो एवढे कळे. आपली गाडी कशी दिसते, हे त्यांनी त्याआधी तीन-चार वर्षे पाहिलेले नव्हते.

अशा वेळी लोक काय करतात हे मी विचारून घेतले. कोणी खोबरेल तेल लावतात, कोणी बूटपॉलिश, कोणी टायरला लावायचे चकाकी आणणारे द्रव्य. मी तेलाचा प्रयोग केला. आठवड्याभरात त्यावर धूळ बसून रंग मातकट झाला. मग गाडी साबणाने धुतली, वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी लावून पत्रा झाकला, हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या रंगाचा फवारा आणला आणि अर्ध्या तासात सर्व पट्ट्या जागच्या जागी काळ्या करून टाकल्या. गाडी पाच वर्षांनी तरुण झाली. शेजाऱ्यांनी कौतुक केले.

बाबांनी एवढेच विचारले, “खाली काय लावलंस?”

“काही नाही. धुऊन घेतली होती.”

“बरं.”

तीन आठवड्यांनी मागच्या दाराच्या पट्टीवर एक फोड दिसला. नखाने उचलला तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा वीतभर रंग अखंड निघून आला. तो बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन बोटांत धरून उलटा केला, मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि अंगठा माझ्यापुढे धरला. त्यावर पांढरट भुकटी होती.

“रंग चांगलाच चिकटला होता,” ते म्हणाले, “पण पट्टीला नाही. पट्टीवर जो थर मेला होता, त्याला. तो निघाला, त्याच्याबरोबर हाही निघाला.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“टूलरूममध्ये नव्या पोराला पहिला तुकडा बिघडवू द्यावा लागतो. त्याशिवाय तो ऐकत नाही.”

त्या संध्याकाळी बाबांनी मला जे सांगितले, ते मी वर्गात शिकवते त्याहून अधिक सुसंगत होते, असे आज वाटते. या पट्ट्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. हे प्लॅस्टिक १९५४ साली इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी घडवले आणि त्या संशोधनासाठी १९६३ चे नोबेल त्यांना कार्ल त्सिग्लर यांच्यासमवेत मिळाले. त्यात कडकपणासाठी शंखजिऱ्याची पूड घालतात, लवचीकपणा हवा असेल तिथे रबर आणि काळ्या रंगासाठी काजळी. ती बारीक काजळी रंग देते आणि ऊन अडवून प्लॅस्टिकचे रक्षणही करते. तरीही वर्षानुवर्षे पडणाऱ्या अतिनील किरणांनी पृष्ठभागावरच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, शंखजिरे उघडे पडते आणि उजेड विखुरल्यामुळे काळे ते पांढरे दिसू लागते. पाण्याने भेगा भरल्या की काळेपण क्षणभर परततो. हे सर्व केवळ वरच्या अतिशय पातळ थरात घडते. त्याखाली पट्टी पहिल्या दिवसाइतकीच काळी असते.

“पत्र्याला रंग देतात,” बाबा म्हणाले. “प्लॅस्टिकचा रंग त्याच्या पोटात असतो.”

या वाक्यापाशी मी अडखळले. मम्मटाने गुण आणि अलंकार यांतला भेद सांगताना दिलेली उपमा मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. गुण हे आत्म्याच्या शौर्यासारखे, अलंकार हे अंगावर घातलेल्या हारासारखे. पट्टीचे काळेपण हा तिचा गुण होता. मी वरून फवारा मारून त्याचा अलंकार करायला निघाले होते. जे आतून होते ते बाहेरून चढवणे, हे मराठीच्या शिक्षकाला तरी पटण्याजोगे नव्हते. मी तसे बोलूनही दाखवले. बाबांनी मम्मटाचे ऐकून घेतले.

“तुझा तो जो कोण आहे, त्याचं बरोबर असेल,” ते म्हणाले, “पण आतला काळा आता बाहेर येणार नाही. आणि ही पट्टी तू म्हणतेस तसा हार नाही. शेजारच्या गाडीचं दार उघडताना आधी हिच्यावर आपटतं. हिला झाकलं नाही, तर ऊन रोज थोडं थोडं आत जाईल. तुला काय करायचंय ते ठरव.”

मी पुन्हा करायचे ठरवले. या वेळी पट्ट्या काढून.

शनिवारी, ५ मार्चला दुपारी आम्ही खाली उतरलो. सकाळी सुरुवात करण्याचा माझा बेत बाबांनी मोडला होता. थंड प्लॅस्टिक मोडते, त्याला आधी ऊन खाऊ द्यावे. ज्या उन्हाने पट्टी नासली तेच उन्हाचे तास तिला सुखरूप काढायला उपयोगी पडतात, यात त्यांना काही विशेष वाटत नव्हते. तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीतून वायर घेऊन मी केस वाळवण्याचे यंत्र लावले आणि दाराच्या पट्टीवर हळूहळू फिरवले. पट्टीमागची दोन्ही बाजूंनी चिकटणारी फेसाची टेप उबेने सैल झाली. दात साफ करण्याचा दोरा पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये घालून करवतीसारखा मागे-पुढे ओढला, तशी पट्टी पत्र्याला ओरखडा न पाडता सुटत आली. काउल काढायला वायपरचे दांडे आधी सोडवावे लागले. मग अकरा क्लिपा. त्यांतल्या चार मोडल्या, त्या नंतर नाना पेठेतून नव्या आणल्या. आत गुलमोहराची वाळकी पाने आणि मेलेल्या मुंग्या होत्या. वॉचमनने दोनदा येऊन विचारले, “मॅडम, गॅरेजला का देत नाही?” बाबा खुर्चीवर बसून होते. त्यांनीच उत्तर दिले, “शिकतेय ती.”

काउल काढल्यावर मी तो बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पुढची बाजू पाहिलीच नाही. उलटा करून पाठीवरून बोटे फिरवायला सुरुवात केली. मागची बाजू काळी होती, कारखान्यातून आली त्या दिवसाइतकी. कडेपाशी त्यांचे बोट थांबले.

“इथे एक गोल आहे. वाच.”

तिथे नाण्याहून लहान, उठावाचे वर्तुळ होते. कडेने एक ते बारा आकडे, मध्ये ‘०७’ आणि एकाकडे वळलेला बाण. हा भाग जानेवारी २००७ मध्ये ओतला गेला, असा त्याचा अर्थ. शेजारी ‘पीपी-टी२०’ अशी अक्षरे होती. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात वीस टक्के शंखजिरे. मला ते क्रिकेटचे काही वाटले होते, हेही कबूल करते.

“साच्यात तेवढा तुकडा वेगळा बसवलेला असतो,” बाबा म्हणाले. “महिना बदलला की बाण फिरवायचा. वर्ष बदललं की तो मधला तुकडाच बदलायचा. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत आम्ही सगळ्या साच्यांतून ते करत बसायचो. आमचं नवं वर्ष तिथून सुरू व्हायचं.”

३१ डिसेंबरला बाबा नेहमी उशिरा घरी येत, हे मला आठवत होते. त्याचे कारण मी कधी विचारले नव्हते. १९९८ च्या डिसेंबरात पिंपरीला घडलेली ‘इंडिका’ बाजारात आली. त्या रात्री जेवताना गाडीच्या इंजिनाविषयी नव्हे, तर तिचे बंपर ज्यातून निघतात त्या काही टन वजनाच्या साच्याविषयी बाबा कितीतरी वेळ बोलत होते. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि समोर कवितांचे पुस्तक उघडे होते. त्यांचे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचले, पण मी ते ऐकले नाही. वस्तूला पाठ असते आणि त्या पाठीवर कोणीतरी तारीख घालीत असते, हे कळायला त्यानंतर मला चोवीस वर्षे लागली.

रविवार, ६ मार्च. त्या दिवशी पुणे मेट्रोच्या वनाज ते गरवारे महाविद्यालय या मार्गाचे उद्‌घाटन होते आणि पौड रस्त्यावर बंदोबस्त होता. इमारतीतली माणसे गच्चीवर गेली. आम्ही खालीच होतो. पट्ट्या साबणाने धुऊन वाळवल्या. मग भांडी घासायच्या हिरव्या घासणीने एकेक पट्टी घासायची होती. मी पॉलिश पेपरही आणून ठेवला होता, तो बाबांनी बाजूला सारला.

“कागद मारू नकोस. दाणा जाईल.”

काळ्या प्लॅस्टिकवर चामड्यासारखी जी बारीक खरबरीत नक्षी असते, तिला ते दाणा म्हणतात. ती प्लॅस्टिकची नसते. साच्याच्या पोलादावर आम्लाने ती आधी कोरलेली असते आणि प्लॅस्टिक तिचा ठसा घेऊन बाहेर येते. हिरव्या घासणीने मेलेला थर जातो आणि दाणा राहतो. पुसण्यासाठी मी घरातले सॅनिटायझर काढले, तर तेही नको, कारण त्यात ग्लिसरीन असते. शेवटी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. पांढऱ्या फडक्यावर काळा डाग उमटेनासा झाला तेव्हा बाबांनी पुढे जायला सांगितले.

पॉलिप्रॉपिलीनला स्वभावतः काहीच चिकटत नाही. म्हणून आधी खास प्लॅस्टिकसाठीचा पारदर्शक प्रायमर लागतो. कारखान्यात रंग द्यायच्या बंपरवरून क्षणभर ज्योत फिरवतात, तीही याचसाठी. मग रंग. हात सतत चालता ठेवायचा, डबा वीतभराहून थोडा दूर, आणि पहिला थर इतका विरळ की खालचा भाग दिसत राहावा. दहा-पंधरा मिनिटे थांबून दुसरा, पुन्हा थांबून तिसरा. जानेवारीत मी एकाच थरात सर्व झाकले होते. या वेळी थांबण्यातच अधिक वेळ गेला. थांबलेल्या वेळात बाबा बोलत होते आणि मी ऐकत होते.

तिसरा थर वाळल्यावर बाबांनी विचारले, “कसा आलाय?”

“छान. काळा.”

“काळा म्हणजे कसा?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि शब्दांची रांग उभी राहिली. काळाभोर म्हणावे, तर तो केसांचा आणि डोळ्यांचा शब्द. काळाकुट्ट हा रात्रीचा, त्यात भय आहे. काळाकभिन्न कातळाचा, त्यात आकारमान आहे. काळाकुळकुळीत म्हटले की तेलाची चमक आलीच. काळपट आणि काळसर हे शब्द तर कमीपणा दाखवण्यासाठीच. चमक नसलेला, पण निस्तेजही नसलेला, साधा, नवा काळा माझ्यासमोर पडला होता आणि त्याच्यासाठी माझ्यापाशी शब्द नव्हता. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मी ‘नेमका शब्द योजा’ असे लाल शाईने लिहिते. इथे विचारणाऱ्याला ते उत्तर मिळाल्याशिवाय ती वस्तू दिसणारच नव्हती.

“मॅट आहे,” मी म्हटले.

“ते डब्यावर लिहिलंय. मी तुला विचारतोय. तव्यासारखा की पाटीसारखा?”

मी पट्टी उचलून तिरप्या उन्हात धरली. तवा वापराने काळा होतो आणि त्यावर तेलाची एक खोल, असमान झाक असते. पाटीचा काळा सपाट असतो, उजेड घेतो आणि परत देत नाही. तरीही हा अगदी पाटीसारखा नव्हता.

“पाटीसारखा,” मी म्हटले. “पण कोरड्या नाही. ओल्या फडक्यानं पुसली आणि आत्ताच वाळलीय, अजून काही लिहिलेलं नाही, अशा पाटीसारखा.”

बाबा काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, “हां. मग बरोबर आहे. तसाच यायला हवा.”

दुसऱ्या दिवशी रंग पक्का झाल्यावर त्यांनी प्रत्येक पट्टीवरून अंगठा फिरवला. रंग जाड झाला असता तर नक्षी बुजली असती. त्यांना रंग दिसत नव्हता, त्याची जाडी कळत होती. शेवटची पट्टी खाली ठेवून ते म्हणाले, “दाणा शाबूत आहे.” मला मिळालेल्या कोणत्याही अभिप्रायाहून हा मला अधिक मोलाचा वाटतो.

तपासणीच्या दिवशी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला, चासी नंबर ताडून पाहिला. काळ्या पट्ट्यांकडे कोणाचे लक्ष गेले नाही आणि जाण्याचे कारणही नव्हते. मार्च २०२७ पर्यंतची मुदत मिळाली. पुढच्या वेळी गाडी वीस वर्षांची असेल. तेवढ्या जुन्या गाड्यांसाठीचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार करण्यात आले. ते भरायचे की गाडी मोडीत द्यायची, हा हिशेब आम्ही अजून मांडलेला नाही. काउलच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे ऊन सर्वांत अधिक येते, रंग थोडा विरळ झाला आहे. तो केव्हातरी पुन्हा द्यावा लागेल. पोटातला रंग एकदाच मिळतो. वरचा मात्र कोणीतरी पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. मम्मटावर मी अजूनही शिकवते, पण त्या उपमेनंतर पूर्वीइतक्या घाईने पान उलटत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो बाबांना वाचून दाखवला. माझे काही ऐकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, कारण मीही कधी वाचून दाखवले नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मम्मटाविषयी काही बोलले नाहीत.

“एक शब्द चुकलाय,” ते म्हणाले. “घासणीनं पट्टी ‘खरवडली’ असं लिहिलंयस. ‘घासली’ लिही. खरवडली असती, तर दाणा गेला असता.”

मी तो शब्द बदलला आहे.